बिल शून्यावर आले, पण रात्रीची वीज कुठून येते?

मेहरूणमधल्या एखाद्या घराच्या गच्चीवर ३ किलोवॉटचा सौर संच बसवला, तर 'पंतप्रधान सूर्यघर' योजनेतून ७८ हजार रुपये अनुदान मिळते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण १२ युनिट वीज तयार होते. दुपारची जास्तीची वीज महावितरणच्या वाहिनीत जाते, रात्री तेवढीच परत घेता येते. नेट मीटरवर हिशेब जुळतो आणि बिल स्थिर आकारापुरते उरते.

हिशेब जुळतो तो कागदावर. संध्याकाळी सातला पंखा आणि कूलर फिरतात, ते मुख्यतः भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांच्या जोरावर. तिथे ५०० मेगावॉटचे दोन संच २४ तास चालू शकतात. सूर्य मावळो वा आभाळ येवो, कोळसा आहे तोवर वीज आहे. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. एका युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो आणि आपल्या कोळशात राखच ३० ते ४० टक्के. शिवाय पाणी लागते ते तापीचे, हतनूर धरणातले.

खान्देशात ऊन भरपूर, म्हणून सौर वीजही भरपूर, हे अर्धेच खरे. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. पॅनल २५ अंशांच्या वर तापला की दर अंशामागे उत्पादन साधारण ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा गच्चीवरचा पॅनल ६५ अंशांपर्यंत तापू शकतो; म्हणजे १५-१६ टक्क्यांची घट. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज कमी होते, पण नेमका तेव्हाच साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर वारा जोरात असतो आणि पवनचक्क्या भरात येतात. साक्रीतच शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३पासून आहे. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत, तरी रात्रीची सोय त्यांनी पूर्ण होत नाही. साठवणुकीच्या बॅटऱ्या अजून महाग आहेत.

मग आधी काय करावे? जी मागणी दिवसा नेता येते, ती दिवसा न्यावी. केळीच्या बागेला रात्री दोनलाच पाणी दिले पाहिजे, असे काही नाही. रात्रीच्या पाळीची वीज असते म्हणून शेतकऱ्याला साप-बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला जावे लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतीचे फीडर सौर विजेवर आणते, ती याचसाठी. गच्चीवरच्या संचांची जाहिरात जितकी होते, तितका पाठपुरावा या फीडरांचा व्हायला हवा.

यातली खरी अडचण जमिनीची आहे. शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे शेतकरी धर्मा पाटील यांनी वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी २०१८मध्ये मंत्रालयात विष घेतले, त्यातच त्यांचे निधन झाले. सूर्य फुकट असला, तरी पॅनल ज्या जमिनीवर बसतात ती कुणाची तरी असते. नव्या योजनेत जमीन भाड्याने घेतली जाते: हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी ३ टक्के वाढ, सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर. भाडे दरवर्षी वेळेवर खात्यात पडते की नाही, याची गावनिहाय यादी महावितरणने जाहीर करावी.