फिरत्या नर्सचा पगार : आकडा मोठा, बेसिक लहान

अमेरिकेत ‘ट्रॅव्हल नर्स’ नावाचा एक प्रकार आहे. एका इस्पितळात कायम न राहता बहुधा १३ आठवड्यांच्या करारावर आज टेक्सास तर उद्या कॅलिफोर्निया असे फिरून काम करणारी ही नर्स. तिच्या पगाराचे आकडे आता मोबाईलवरून आपल्या वस्त्यांपर्यंत आले आहेत. ज्या घरातली मुलगी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करते आहे, तिथे आठवड्याच्या डॉलरचे रुपये करायचे, त्याला ५२ ने गुणायचे आणि आकडा पाहून सगळ्यांनी गप्प व्हायचे, असे चालते. आमचे आयुष्य कारकुनीत गेले. वाचक बंधू-भगिनींनो, गुणाकाराआधी पगारपत्रक उलगडून बघा, एवढेच आमचे सांगणे.

ही नर्स सहसा इस्पितळाची नोकर नसते, एजन्सीची असते. इस्पितळ एजन्सीला तासाप्रमाणे बिल देते. एजन्सी त्यातून मालकाच्या वाट्याचे कर, विमा, ऑफिसखर्च आणि नफा काढून घेते, उरलेले नर्सला देते. कंत्राटी सफाई कामगाराच्या घरी ही पद्धत समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तिथे नर्सची टंचाई असते, म्हणून तिच्या हातात बऱ्यापैकी वाटा पडतो.

आता पगार. समजा आठवड्याला २,१०० डॉलर ठरले आणि काम १२ तासांच्या तीन ड्यूट्या, म्हणजे ३६ तास. यातली मजुरी तासाला २५ डॉलर धरली तर होतात फक्त ९००. राहिलेले १,२०० घरभाडे आणि जेवणखाण यांचा भत्ता. मजुरीवर कर बसतो, भत्त्यावर बसत नाही. म्हणून एजन्सी बेसिक लहान ठेवते आणि भत्ता फुगवते. नर्सही खूश असते, कारण हातात जास्त येते.

पण हा भत्ता बिनकराचा राहायला एक अट आहे. नर्सचे मूळ गावी खरेखुरे घर पाहिजे, त्याचा खर्च ती भरत असली पाहिजे आणि कामाच्या गावी राहण्याचा खर्च त्यावर दुसरा पडला पाहिजे. घर मोडून नुसतीच फिरत राहिली तर सगळा भत्ता करपात्र. एकाच ठिकाणी वर्षापेक्षा जास्त राहायचे ठरले तरी तेच. इथून बिऱ्हाड उचलून गेलेल्या मुलीचे तिथे दुसरे घर कुठून असणार? तेव्हा तो मोठा आकडा तिला बहुधा जसाच्या तसा लागू पडत नाही.

लहान बेसिकचे दुखणे पुढेही निघते. तिथले सरकारी निवृत्तिवेतन कर लागलेल्या कमाईवर, सर्वांत जास्त कमाईच्या ३५ वर्षांची सरासरी काढून ठरते. म्हणजे म्हातारपणी हिशेबात धरणार ९०० आणि खर्चाची सवय २,१०० ची. आपल्याकडे बेसिक कमी दाखवून पीएफ वाचवणारे मालक आहेतच. त्यांचे हे सावत्र भाऊ म्हणायचे.

ओव्हरटाईमची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. वरच्या उदाहरणात २,१०० भागिले ३६ केले तर तास पडतो सुमारे ५८ डॉलरला. पण ४० तासांनंतरचा दीडपट दर नुसत्या मजुरीवर काढला तर मिळतात साडेसदतीस. जादा राबणाऱ्या तासाला साध्या तासापेक्षा कमी भाव! असाच वाद एका मोठ्या एजन्सीविरुद्ध फेडरल अपील कोर्टात गेला आणि २०२१ साली निकाल नर्सच्या बाजूने लागला. ड्यूटी चुकली की भत्ता कापता, तर तो भत्ता नव्हे, मजुरीच. ओव्हरटाईम काढताना तो धरा, असे कोर्टाने म्हटले.

दर कशाने चढतो-उतरतो? आयसीयू, ऑपरेशन थिएटर, प्रसूतिकक्ष यांचा अनुभव असला की वर, साध्या वॉर्डाचा असला की खाली. नाईटला, सणावाराला, संपाच्या वेळी जास्त. कॅलिफोर्नियात २००४ पासून एका नर्सकडे किती रुग्ण याची कायद्याने मर्यादा आहे, म्हणून तिथे मागणी आणि दर चांगला. पण घरभाडेही तसेच. कोविडच्या लाटांत काही ठिकाणी आठवड्याला ५,००० डॉलर आणि त्याहूनही जास्त मिळाले. २०२२ मध्ये भाव उतरले, तेव्हा करार चालू असतानाच दर कापल्याच्या तक्रारी कोर्टात गेल्या. तेव्हाचे आकडे दाखवून आज फॉर्म भरून घेणारा एजंट ओळखावा.

शिवाय दोन करारांच्या मधले रिकामे आठवडे बिनपगारी. रुग्ण कमी असले की इस्पितळ ड्यूटी रद्द करते. करारात किमान तासांची हमी नसेल तर त्या दिवसाचे पैसे गेले. ५२ चा गुणाकार इथेच मोडतो.

इथून जाणाऱ्या मुलींना आधी एनक्लेक्स परीक्षा, मग ग्रीन कार्डाची रांग, आणि भारतीयांची ती रांग वर्षानुवर्षांची आहे. सहा महिन्यांत पाठवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. आणि बाँडवर सही करण्यापूर्वी मुदतीआधी नोकरी सोडल्यास दंड किती, हे कलम जाणत्याकडून वाचून घ्यावे. फिलिपिन्सहून न्यूयॉर्कला नेलेल्या नर्सच्या करारात हा दंड २५,००० डॉलर होता. त्या कोर्टात गेल्या आणि २०१९ साली न्यायाधीशांनी ती अट लागू करता येणार नाही असा निकाल दिला.