पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना स्वतंत्र प्रात्यक्षिक प्रकल्प करू देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू महोदय
(मार्फत : मा. विभागप्रमुख, पुरातत्त्वशास्त्र विभाग)

विषय : एम. ए. द्वितीय वर्षाचा संशोधन प्रकल्प प्रत्यक्ष अवशेषांवर व क्षेत्रात करू देण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पदव्युत्तर विद्यार्थी विनंतीपूर्वक कळवितो की, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० लागू झाल्यापासून द्वितीय वर्षाच्या दोन्ही सत्रांत संशोधन प्रकल्प आहे; त्याला एकूण १० श्रेयांक आहेत. प्रत्यक्षात हा प्रकल्प ग्रंथालयात बसून जुन्या उत्खनन-अहवालांची गोळाबेरीज करण्यापुरता उरला आहे. अहवाल वाचायलाच हवेत, पण तेवढ्यावर भागवायचे असेल तर पुरातत्त्व आणि इतिहास हे दोन विभाग वेगळे कशाला?

एक खुलासा आधीच करतो. आम्ही उत्खनन मागत नाही. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, ती विद्यार्थ्याला मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु कुदळ न उचलता करण्याजोगे काम भरपूर पडले आहे.

त्यातले पहिले आपल्याच आवारात आहे. विभागाच्या कोठारात जुन्या उत्खननांची खापरे पोत्यांत भरून ठेवली आहेत. काही पोत्यांवरची लेबले वाळवीने खाल्ली आहेत. लेबल गेले की थर गेला, आणि थर गेला की ते खापर नुसते खापर उरते. ही पोती प्रकल्पासाठी आमच्याकडे सोपवावीत. खापरे धुणे, सावलीत वाळवणे, त्यांवर क्रमांक घालणे, काठाच्या तुकड्यावरून भांड्याचा व्यास काढून आलेखकागदावर छेद रेखाटणे ही कामे हाताने केल्याशिवाय येत नाहीत. चांगल्या भाजणीच्या, ताम्रपाषाणयुगीन जोर्वे भांड्याच्या तुकड्यावर टिचकी मारली की धातूसारखा आवाज येतो; माळवा खापराचा पोत त्याहून भरड. पुस्तकातल्या छायाचित्राला टिचकी मारता येत नाही. उत्खननानंतरच्या अशा कामाचे मोल मोठे आहे : इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात झाले, पण तिथली माणसे काय पिकवत आणि काय खात हे कळले ते नंतर धान्याच्या आणि हाडांच्या चिकाटीने केलेल्या छाननीतून.

दुसरे काम गावोगावच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांचे. शेतात टाकायला पांढरी माती नेली जाते, जेसीबी लावून टेकाडे सपाट होतात, आणि कोणती पांढरी किती उरली याची नोंद कुणाकडे नसते. प्रत्येक विद्यार्थ्याला एखाद्या ओढ्याचे खोरे किंवा पाच-सहा गावे नेमून द्यावीत. टेकाडे, वीरगळ, गद्धेगळ, जुन्या बारवा यांची नोंद त्याने करावी. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरची कातळशिल्पे मोठ्या संख्येने उजेडात आणली ती स्थानिक हौशी मंडळींनी, पायी हिंडून आणि गुराख्यांना विचारून. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. हे काम विद्यापीठांच्या प्रकल्पांतून व्हायला हवे होते, असे आम्हांस वाटते.

यात खरी अडचण वेळापत्रकाची आहे. विषयाला मंजुरी तिसऱ्या सत्रात मिळते. तेव्हा पाऊस असतो, रानात बाजरी उभी असते, जमिनीवरचे काही दिसत नाही. पाहणीचा काळ म्हणजे रब्बीची काढणी झाल्यावरचे मार्च ते मे हे महिने. म्हणून विषय व मार्गदर्शक प्रथम वर्षाच्या फेब्रुवारीतच ठरवावेत. ही एक मागणी मान्य झाली तरी निम्मे काम होईल.

सोबत तहसीलदार व ग्रामपंचायतीच्या नावे विभागाचे परिचयपत्र, एसटीच्या प्रवासाचा खर्च, आणि कपाटात कुलूपबंद असलेली जीपीएस व टोटल स्टेशन ही यंत्रे नोंदवहीत सही करून नेण्याची मुभा मिळावी. विद्यार्थिनींना ‘एकट्या कशा जाणार’ म्हणून ग्रंथालयातला विषय दिला जातो. त्याऐवजी दोघींना मिळून एक क्षेत्र द्यावे.

मूल्यमापनात बांधीव प्रबंधाच्या पानांपेक्षा क्षेत्रवही, रेखाटने आणि नोंदपत्रके यांना अधिक गुण असावेत. नीट पाहणी करूनही काही सापडले नाही, तर तोही निष्कर्ष धरावा. नाहीतर विद्यार्थी काहीतरी ‘सापडवतात’, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

पुढील शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक अभ्यास मंडळापुढे जाण्यापूर्वी आमच्या प्रतिनिधींना चर्चेस बोलवावे व या निवेदनाचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
एम. ए. (पुरातत्त्वशास्त्र) प्रथम व द्वितीय वर्षाचे विद्यार्थी
सोबत : सह्यांची यादी