विहिरीची वही

पाणी उपसल्यानें जमीन खचते हें ऐकून कित्येकांस हंसूं येईल. परंतु कॅलिफोर्नियांतील सान वाकीन खोऱ्यांत १९२५ ते १९७७ या काळांत ती एके ठिकाणीं सुमारें २८ फूट खालीं गेली. तेथें चिकणमातीचे थर आहेत. त्यांतील पाणी काढलें कीं वरच्या भारानें ते दबतात, व पुनः पाणी आलें तरी बहुतेक उठत नाहींत. थरांची जाडी व पाण्याची घट मोजून हें आधीं वर्तवितां येतें.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे खालीं काळा पाषाण. तो असा दबत नाहीं. मला मात्र हीच गोष्ट भयाची वाटते. पाषाणाच्या भेगांतलें थोडकें पाणी आटलें, तरी येथें भिंत कलत नाहीं कीं रस्ता तडकत नाहीं. भातसा-तानसाचें पाणी मुंबईस जातें, आणि शहापुरांतीलच कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात! इशारा देते ती एक विहीरच. मुलांनीं वडील माणसांसमक्ष दोरीस दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचें अंतर दर पंधरवड्यास वहींत टिपावें. दोन-तीन वर्षांचे आंकडे जुळले म्हणजे विहीर कोणत्या महिन्यांत आटेल याचा अदमास मार्गशीर्षांतच करतां येईल. पालकांनीं नवी विंधणविहीर घेण्यापूर्वीं ती वही मागून पाहावी.