पाण्याची रोजमेळ

अहिल्यानगर शहराबाहेर शेतात बांधलेल्या बंगल्यांतून अलीकडे लहानसा तरणतलाव दिसू लागला आहे. वर्षभर दुकानात अडकलेल्या कुटुंबाला नातवंडांसाठी एवढी हौस करावीशी वाटते, त्यात गैर काही नाही. परंतु १९७२ चा दुष्काळ पाहिलेले घरातील वडीलधारे एक प्रश्न विचारतातच : ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे खेळण्यासाठी इतके पाणी का अडवायचे?

याच शहराजवळ १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबाग महाल एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध उभारला होता. महाल आजही उभा आहे. तलाव मात्र कोरडा आहे. पाणी आणणे ही अर्धी गोष्ट. ते राखणे ही उरलेली अर्धी.

प्रथम हिशेब पाहू. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ४८,००० लिटर पाणी मावते. देखरेखीअभावी ते हिरवे पडले आणि दरमहा उपसून टाकले, तर चार महिन्यांत जवळजवळ दोन लाख लिटर वाया गेले. तेच पाणी नीट राखले, तर संपूर्ण हंगाम पुरते. म्हणून वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर चाचणी संचात आहे.

संचातील नळीत पाण्याचा नमुना घेऊन त्यात थेंब टाकायचे व येणारा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा, एवढेच हे काम आहे. नमुना काठावरचा नको. हात कोपरापर्यंत बुडवून घ्यावा. पीएच ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम असावे. या दोन आकड्यांचे परस्परांशी नाते आहे. पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भागच जोमाने काम करतो. तो ८ वर गेला की जेमतेम पाव भाग. अशा वेळी क्लोरीन वाढवत राहणे म्हणजे बुडीत खात्यात आणखी कर्ज देणे होय. आधी पीएच उतरवावा, मग क्लोरीनकडे वळावे. डोळे चुरचुरले की क्लोरीन जास्त झाले असा समज आहे. पुष्कळदा घाम व तेलाशी संयोग पावून क्लोरीन खर्ची पडलेले असते, हे त्याचे खरे कारण असते.

आपल्याकडे कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. त्यातच उन्हाळ्यात पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. पातळी रोज एक सेंटीमीटर उतरली, तर वरील तलावात ३२० लिटरची भर घालावी लागते, आणि प्रत्येक भरीबरोबर नवे क्षार येतात. मुद्दल फिटत नाही, व्याज साचत जाते. फरशीवरील पांढरा थर ही त्याचीच थकबाकी. रात्री व वापर नसताना तलाव झाकून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण एक-तृतीयांश उपयुक्त क्लोरीन असते. ४८,००० लिटर पाण्यात क्लोरीन लिटरला १ मिलिग्रॅमने वाढवण्यास सुमारे १४५ ग्रॅम पावडर पुरते. जुन्या पावडरचा कस उतरलेला असतो, हे ध्यानात असावे. ती बादलीतील पाण्यात कालवून, निवळ सायंकाळी सोडावी, कारण ऊन क्लोरीन खाऊन टाकते. रसायन पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र आणू नयेत. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो. दोन्ही वेगवेगळ्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी, कुलपात ठेवावीत.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, जो आकड्यांत बसत नाही. जैन घरात पाणी गाळून वापरण्याचा संस्कार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा टाळावी, हीच त्यातली शिकवण. दुर्लक्षित, साचलेल्या पाण्यात शेवाळ धरते, डासांच्या अळ्या होतात, आणि मग एके दिवशी भरमसाट रसायन ओतून त्या सर्वांचा नाश करावा लागतो. उलट, उतरण्यापूर्वी अंघोळ, झाकलेला तलाव, रोज चालणारे गाळणयंत्र आणि नित्याची चाचणी यांमुळे जीवोत्पत्तीच कमी होते. तलाव मुळीच न बांधणे हे श्रेष्ठ. बांधलाच असेल, तर यतना हाच मार्ग.

यासाठी गल्ल्याजवळ असते तशी एक वही तलावाशेजारी ठेवावी : तारीख, पीएच, क्लोरीन, टाकलेले रसायन, घातलेले पाणी. नोंद नातवंडांनी करावी, सही आजोबांनी. दुकानाची रोजमेळ जुळल्याखेरीज ज्या घरात दिवस संपत नाही, त्या घराला ही शिस्त नव्याने शिकवावी लागणार नाही. आणि ज्या वर्षी पाऊस दगा देईल, त्या वर्षी वहीत एकच ओळ असावी : यंदा तलाव भरला नाही.