जुन्या मोटारीची पाठचिकित्सा

जुनी मोटार पाहावयास आलेला हौशी गृहस्थ प्रथम तिच्या रंगावरून हात फिरवतो. जाणकार मात्र दाराची खालची कड, पायाखालचा पत्रा आणि चेसिसवर ठोकलेले आकडे पाहतो. लोखंडी पत्र्यावरून तो लोहचुंबक फिरवतो. जेथे चुंबक धरत नाही तेथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे, हे ओळखतो. इंजिनाचा व चेसिसचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहतो. साहित्याच्या अभ्यासकास ही रीत अनोळखी वाटू नये. कागद, शाई आणि पुष्पिका तपासून प्रक्षेप वेगळे काढणारा पाठचिकित्सक याहून निराळे काय करतो?

आमचे म्हणणे असे की, जुन्या मोटारीचे मोल तिच्या झळाळीवरून ठरवू नये; तिने जपून ठेवलेल्या साक्षीवरून ठरवावे. नांदेड-लातूरकडे हे सांगणे विशेष अगत्याचे आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाची सर्वांत विख्यात मोटार म्हणजे सहाव्या निजामाने मागवलेली पिवळी रोल्स-रॉइस. मागवणारा १९११ मध्ये निवर्तला आणि गाडी सातव्या निजामाच्या वाट्यास आली. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. तिची कुळकथा सर्वज्ञात आहे, म्हणून तिची चिंता नाही. चिंता आहे ती लातूरच्या एखाद्या आडत्याच्या शेडमध्ये किंवा नांदेडच्या एखाद्या जुन्या वाड्यात धूळ खात उभ्या असलेल्या फियाटची, अॅम्बॅसॅडरची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने फियाट ११०० डिलाइट १९६४ मध्ये बाजारात आणली. त्या पिढीच्या कितीतरी गाड्यांनी आता पन्नाशी ओलांडली आहे.

हा पन्नाशीचा आकडा कायद्यातला आहे. ‘व्हिंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा. मोटारींच्या हौशी मंडळांत तो साधारणतः १९१९ ते १९३० मधील गाड्यांसाठी वापरतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनी मात्र ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना हा दर्जा देऊ केला. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. आधी नोंदलेल्या वाहनास आपला जुना क्रमांक ठेवता येतो. यातली महत्त्वाची अट निराळीच आहे: वाहन मूळ रूपात राखलेले असावे, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे सरकारनेही झळाळी मागितलेली नाही, अस्सलपणा मागितला आहे.

पण मूळ रूप म्हणजे नेमके काय? वापरलेल्या यंत्राचे सुटे भाग बदलतच जातात. हा पेच १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आला होता. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटले गाडीने १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकली होती. पुढे ती अनेकदा बदलली गेली. १९३२ च्या भीषण अपघातानंतर तर पुन्हा नव्याने बांधली गेली. तिचा एक कोटी पौंडांचा सौदा झाल्यावर ‘ही ती गाडीच नव्हे’ असे खरेदीदाराने म्हटले. १९२९ च्या गाडीचे त्यात जवळजवळ काहीच उरले नव्हते, तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी तिची ओळख मान्य केली. कारण प्रत्येक बदलातून तिचा इतिहास अखंड चालत आला होता.

आमच्या मराठवाड्याला हा न्याय परका नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अपपाठ दूर केले, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असेही बजावले. दुरुस्ती कधी केली हे त्यांनी सांगून ठेवले, म्हणूनच ती दुरुस्ती आजही दुरुस्ती म्हणून ओळखता येते. निनावी हाताने घातलेली ओवी मात्र ग्रंथात मिसळून जाते आणि अभ्यासकाला शतकानुशतके चकवत राहते.

गॅरेजमधली चूक हीच असते. जुना रंग खरवडला जातो, उतरलेले भाग भंगारात जातात, पिवळे पडलेले कागद रद्दीत जातात, आणि वरातीत शोभेल अशी, पण स्वतःविषयी काहीच सांगू न शकणारी गाडी उरते. हौशी खरेदीदार तिलाच अधिक पैसे मोजतो, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही आमचा आग्रह असा की, मिस्त्रीच्या हाती गाडी देण्यापूर्वी सर्व क्रमांकांची छायाचित्रे घ्यावीत, रंगाचा एखादा कोपरा तसाच ठेवावा, काढलेला भाग नाव घालून जपावा. घरात संस्थानी काळचा उर्दू कागद निघाला तर तो वाचणारा जाणता माणूस आहे तोवर वाचून घ्यावा. रंग केव्हाही देता येतो. खरवडलेला थर आणि फाडलेला कागद मात्र कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.