आधी मुखवटा, मग तलवार

धाराशिवला धाकट्या बहिणीकडे गेलो, की पहिल्या दिवशी तुळजापूर आणि दुसऱ्या दिवशी नळदुर्गचा किल्ला, हा माझा ठरलेला कार्यक्रम. या श्रावणात मात्र दारातच अडलो. समोर अंगभर पांढरा पोशाख केलेली आणि तोंडावर काळी जाळी चढवलेली एक आकृती! मधाची पोळी काढणारा कुणी असावा असे वाटले. तेवढ्यात जाळीतून आवाज आला, “मामा, ओळखलं नाहीत ना?”

ही आमची भाची, वय वर्षे तेरा. हल्ली ती तलवारबाजी शिकते.

“दादा, तूच समजाव हिला,” बहीण पदराला हात पुसत म्हणाली. “उद्या डोळाबिळा गेला म्हणजे?”

माझा हात नकळत डाव्या भुवईकडे गेला. तिथे एक पांढरी रेघ आहे. लहानपणी आम्ही पोरे प्रतापगडची लढाई खेळत होतो. शिवाजीमहाराज व्हायला सगळे तयार. अफझलखान व्हायची पाळी माझ्यावर आली. बांबूची काठी भुवईवर बसली. बोटभर खाली बसती, तर हे सदर एका डोळ्याने लिहावे लागते. त्या रात्री आई उशाशी बसून होती. पुढे आमच्या घरी काठी उरली ती फक्त कपडे वाळत घालायला.

तेव्हा नकार ओठांवर होताच. पण भाची म्हणाली, “आधी सामान तर बघा!”

मग तिने एकेक चीज पुढे मांडली. मुखवट्याच्या खाली गळा झाकणारी जाड कापडी झालर. जाळीला गंज चढला किंवा पोचा आला, की तो मुखवटा बाद. जाकिटाच्या आत, तलवारीच्या हाताकडे, आणखी एक अर्धे जाकीट. त्याला काखेत शिवण नसते, कारण शिवण उसवली तर टोक नेमके तिथेच शिरायचे. छातीला कठीण कवच. हातमोजा बाहीच्या वर चढवायचा, म्हणजे टोक बाहीत घुसत नाही. फॉइल, एपे आणि सेबर या तिन्ही तलवारी बोथटच.

“मग भीती कसली?” मी विचारले.

“पातं मोडण्याची. मोडलेलं पातं धारदार होतं.”

तिच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली हकिगत तिने मला सांगितली. १९८२ साली रोम येथे जागतिक स्पर्धा चालू होती. १९८० च्या ऑलिंपिकमधला फॉइलचा विजेता, सोव्हिएत संघाचा व्लादिमीर स्मिर्नोव, खेळत होता. प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडले आणि उरलेला तुकडा मुखवट्याची जाळी भेदून आत गेला. काही दिवसांनी स्मिर्नोव वारला. त्यानंतर मुखवटे, कापड आणि पोलाद यांचे नियम कडक झाले. आज मोठ्या स्पर्धांतले जाकीट ८०० न्यूटनचा, म्हणजे सुमारे ऐंशी किलोंचा दाब सोसेल असे लागते. गळ्याच्या झालरीला त्याच्या दुप्पट.

आम्हां दोघां वडीलधाऱ्यांपेक्षा या पोरीला धोका जास्त ठाऊक होता!

एवढ्यात शेजारचा मुलगा पडद्याचा दांडा घेऊन अंगणात आला. “चल, एक हात होऊन जाऊ दे!” भाचीने तलवारीचे टोक जमिनीकडे वळवले आणि ती पिशवीत घातली. “तुला मुखवटा नाही. मुखवटा नाही, तर खेळ नाही.” तो चिडला, भित्री म्हणाला. ही हसली, पण पिशवीची गाठ काही सोडली नाही.

आमच्या लढाईत असे म्हणणारा एकही मावळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुळजापूरला गेलो. आई भवानीने महाराजांना तलवार दिली, असे आपण श्रद्धेने सांगतो. २०२१ साली टोकियोत, ऑलिंपिकमध्ये उतरणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरलेल्या तमिळनाडूच्या मुलीचे नावही भवानीदेवीच! भाचीने हात जोडले. काय मागितले ते मी विचारले नाही.

परवा बहिणीचा फोन आला. भाऊबीजेला काय आणू, असे मी विचारले.

“माझी साडी साधी असली तरी चालेल,” ती म्हणाली. “तिच्या मुखवट्याची जाळी मात्र अंगठ्याने दाबून, नीट पारखून आण.”