उसाला जमले ते लसवाल्यांना का जमू नये?

मांजरी बुद्रुकला आमचा ऊस आहे. थोरली लेक मायक्रोफ्लुइडिक्समध्ये पीएच.डी. करते. दिवाळीला तिने एक चिप घरी आणली होती. काचेच्या पट्टीवर चिकटवलेला सिलिकॉन रबराचा पारदर्शक तुकडा आणि त्यात केसाएवढे बारीक पाट. एका तोंडाने तिने लाल पाणी सोडले, दुसऱ्याने निळे. दोन्ही शेजारीशेजारी वाहत गेली, पण मिसळली नाहीत. इतक्या बारीक पाटात पाणी खळाळतच नाही म्हणे. अशा चिपवर रक्ताच्या थेंबातून सिकलसेल आजार ओळखता यावा, नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यावरच निदान व्हावे, यासाठी पवईच्या आयआयटीतही काम झाले आहे.

काम मोलाचे, पण करणाऱ्यांचे हाल आहेत. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये झाली. रक्कम बरी आहे, पण ती वेळेवर मिळत नाही. लेकीचे पैसे सात महिने कोणाच्या टेबलावर अडकले, हे शेवटपर्यंत कळले नाही. खोलीचे भाडे आम्ही भरले. ज्यांच्या घरून पैसे येऊ शकत नाहीत, त्या मुलांनी काय करायचे? पीएच.डी.नंतर प्रकल्पावर नेमणूक मिळते आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते. साचा कोरायला, बुडबुडा न राहू देता रबर ओतायला, ते काचेला गळती न होता चिकटवायला हात बसावा लागतो, त्यात वर्षे जातात. असे बसलेले हात आपण सरळ घरी पाठवतो, नाहीतर परदेशी.

तोड आमच्या गावातच आहे. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही ऊस-संशोधन संस्था १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी उभी केली. कारखाने गाळपाच्या टनामागे तिला वर्गणी देतात. केमिस्ट प्रत्येक कारखान्याकडे असतोच, पण उसाची नवी जात काढणे एकट्या कारखान्याच्या आवाक्यातले नाही, म्हणून सगळे एकत्र आले. याच मांजरीत सीरम इन्स्टिट्यूटचा लसींचा कारखाना आहे. करोना तपासणीचे पहिले मान्यताप्राप्त स्वदेशी किट मार्च २०२० मध्ये पुण्याच्याच मायलॅब कंपनीने दिले. लस आणि निदान क्षेत्रातल्या कंपन्यांनी उलाढालीवर अशीच वर्गणी का काढू नये? सरकारी विद्यापीठे व राष्ट्रीय प्रयोगशाळांतल्या संशोधनाला कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) पैसा देण्याची मुभा २०१९ पासून आहेच.

आमचे संशोधन आम्ही करतो, असे कंपन्या म्हणतील. जरूर करावे. पण ज्या चिपला अजून गिऱ्हाईक नाही, तिच्यावर पाच-सात वर्षे कोणती कंपनी एकटी थांबेल? सामाईक निधीतून निदान पाच वर्षांची पदे निघावीत, आणि पहिली पदे प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांची असावीत. प्राध्यापक कसेही निभावून नेतात. तंत्रज्ञ गेला, की यंत्रावर कापड चढते.

— एक ऊस उत्पादक पालक, मांजरी बुद्रुक, पुणे